तिसऱ्या ताम्हणाचा गार्ड

नेरूळच्या ज्या कॉलेजात मी शिकवते तिथे गेटपासून लायब्ररीपर्यंत ताम्हणाची झाडं आहेत. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, मे महिन्यात सगळा रस्ता जांभळा होतो, परीक्षेला आलेली बाहेरची मुलंसुद्धा थांबून फोटो काढतात. यंदा तिसरं झाड फुललंच नाही.

जवळ जाऊन बघितलं तर बुंध्याला जुना लोखंडी ट्री गार्ड तसाच, रोप होतं तेव्हा बसवलेला, नंतर कुणी काढलाच नाही. खोड वाढत गेलं आणि पट्टी आत रुतली, साल तिच्यावरून ओठासारखी दुमडून आलीये, बोट फिरवलं तर लोखंड लागत नाही, नुसती खाच लागते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीच्या आतल्या पातळ थरातून, आणि आमच्या ताम्हणाला नेमका तिथेच फास बसलेला. खाली पेव्हर ब्लॉक तर बुंध्याला चिकटून.

लोकांना वाटतं झाडाची मुळं खोल असतात, वर काय का टाकेना. तसं नसतं हो. पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यांना हवा लागते. त्यात नवी मुंबईत कितीतरी ठिकाणी खाडीवरचा भराव, तिथे झाड खोल जाणार तरी कुठे? मागच्या जुलैत पार्किंगजवळचा गुलमोहर आडवा झाला तेव्हा सगळे म्हणाले वारा जोरात होता. पण केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली होती, मी स्वतः बघितली होती ती तोडलेली टोकं, आणि तेव्हा गप्प बसले ह्याचं अजून वाईट वाटतं.

१९७५ चा आपल्या राज्याचा झाडांचा कायदा आहे ना, त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त करवत चालवणं नाही, कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यातच धरलंय. हे मी स्टाफ मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा कुठे ब्लॉक काढायची परवानगी मिळाली.

दोन शनिवार लागले. माळीकाका म्हणाले, "मॅडम, आत गेलंय ते ओढू नका, साल फाटेल, बाहेरचं तेवढं कापू." मग हॅकसॉने एकेक पट्टी कापली, आत रुतलेले तुकडे तसेच ठेवले. बुंध्याभोवती तीन फुटांपर्यंतचे ब्लॉक पहारीने उचकटले, खालची माती लादीसारखी घट्ट होती, एक गांडूळ नाही. ती हलक्या हाताने मोकळी केली, कारण जोरात खणलं तर उरलीसुरली मुळं पण जायची, आणि आळं करून वर सुका पाला पसरला, बुंध्यापासून वीतभर सोडून. हाच पाला आधी रोज झाडून जाळायचे.

दर जूनला आमच्याकडे वृक्षारोपण होतं, बॅनर, फोटो, सगळं, आणि कितीतरी रोपं त्याच जुन्या खड्ड्यांत लागतात, आधीचं वाळलेलं असतं म्हणून. मला नवीन रोपांचं वावडं नाही, पण वीस वर्षांच्या ताम्हणाची सावली रोप कधी देणार?

लायब्ररीपर्यंत अजून नऊ गार्ड कापायचेत. येत्या शनिवारी दुपारी येणार असाल तर हॅकसॉचं ब्लेड घेऊन या, एका झाडाला दोन तरी लागतात.