तुम्ही विचारलंत म्हणून: गल्ली का सोडत नाही?

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची नणंद, मुंबईचे दाजी, शाळेतल्या मैत्रिणी. पहिलं वाक्य काळजीचं, दुसरं ठरलेलं: "एवढा त्रास, मग शाहूपुरीची कुंभार गल्ली सोडत का नाही?" ४३ला धोका पातळी झाली की तोच प्रश्न जरा चिडून येतो.

२०१९च्या पुरानंतर घरात हाच प्रश्न मी विचारत होते, हे त्यांना माहीत नाही. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्याकडं नदी समोरून येत नाही. जयंती नाला तुंबतो, उलटा फिरतो आणि मागच्या दारानं आत येतो. गणपतीच्या तोंडावर शाडूच्या मूर्तींचा चिखल झाला, प्लॅस्टरच्या उरल्या त्यांचा रंग गेला, मंडळांचे इसार परत करायचे होते. सासूबाई बोलेनात, नवरा नुसता फळ्या धूत बसायचा. मी म्हटलं, बास झालं.

दिवाळीनंतर उंचावरच्या एका कॉलनीत बंगल्याचा तळमजला बघायला गेलो. मागं पत्र्याची शेड, पुढं टेम्पो वळेल एवढी जागा. मालकांनी चहा दिला. मूर्तीचं काम म्हटल्यावर हात जोडले. "आमच्या घरचा गणपती तुमच्याच गल्लीतनं येतो बरं का!" मला बरं वाटलं. मग त्यांनी शेडकडं बघितलं. माती कुठं ठेवणार? कॉम्प्रेसरचा आवाज किती? पोरं कामाला येणार ती कुठली? शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, राहायला अवश्य या. काम मात्र तिकडंच ठेवा. हितं सगळी नोकरदार माणसं."

गल्लीतला गणपती चालतो, गल्ली नको. नवरा "बरं, कळवतो" म्हणाला आणि गाडीला किक मारली. घरापर्यंत बोलला नाही. मी मात्र आठवडाभर आकडे मांडत होते: वर घरभाडं, खाली काम, रोजचं पेट्रोल. जमलंही असतं, अगदी ओढाताणीनं.

मग का नाही गेलात, असं तुम्ही म्हणाल. कारण नाल्याचं पाणी रात्री चढतं तेव्हा तिथं झोपलेलं माणूसच मूर्ती उचलतं. २०२१च्या जुलैत पाणी ५६च्या वर गेलं. त्या रात्री शेजारच्या पोरांनी आमच्या मूर्ती आधी माळ्यावर चढवल्या, मग स्वतःच्या. वर राहून हे कोण करणार होतं? नदीकाठच्या प्रयाग चिखली गावाला १९८९च्या पुरानंतर वर सोनतळीला प्लॉट मिळाले. तरी शेत-जनावरं खाली, म्हणून माणसंही खाली. पूर आला की वर. त्यांनाही लोक हट्टी म्हणतात.

आणि एक राग आहे, तो सांगतेच. २०१९ला नागाळा पार्कातही पाणी होतं. तिथल्या फ्लॅटवाल्यांना "पाणी कसं आलं हो?" असं विचारतात. आम्हाला "तुम्ही तिथं का राहता?" पाटबंधारे खात्यानं पूररेषा आखल्यात: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदीच्या बाजूला भराव टाकून, खाली पार्किंग ठेवून इमारती उठल्या, त्यांचं पाणी कुठं गेलं याचा हिशेब कुणी मागत नाही. फुगवटा कुठंतरी शिरणारच की.

पण राग आला म्हणून माझं सगळं खरं, असं नाही. आमचं घर स्वतःचं, वर स्लॅबचा मजला. मागं नाल्याला चिकटून ज्या भाड्याच्या खोल्या आहेत तिथं पाणी आमच्याआधी जातं. पूर ओसरल्यावर पंचनाम्याला माणूस येतो. घरफाळ्याची पावती असणाऱ्याचं काम पटकन होतं, भाडेकरू करारनामा शोधत बसतो. त्यातल्या एकीनं एकदा मला विचारलं, "तुम्ही तर जाऊ शकता वहिनी, मग का ऱ्हाताय?" फोनवाल्यांना मी जे ऐकवते ते तिला ऐकवता आलं नाही. तिला मी मूर्ती, गिऱ्हाईक, शेजार असलं काही बोलले. खरं म्हणजे इथं मला सगळे नावानं ओळखतात. त्या कॉलनीत मी 'खालून आलेली' झाले असते. हे कारण मोठं की मूर्तींचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

थोरल्यानं आता कर्जाचे कागद आणलेत, कळंब्याकडं फ्लॅट बघतोय. त्याचा बाप म्हणतो, जा. मी म्हटलं, शेड आहे का बघ. तो हसला, म्हणाला, "आई, मी मूर्ती करणार न्हाई." यावर मी काय बोलायचं, तेवढं मात्र फोनवर कुणी सांगत नाही.