चौकातली बटणं काढून टाका

अर्ज साधा होता. चौकातली पादचाऱ्यांसाठीची बटणं बंद आहेत, दाबून काहीही होत नाही, लोकांची फसवणूक चालली आहे, तरी ती काढून टाकावीत. खाली भरपूर सह्या. वरून साहेबांचा शेरा : पाहणी करून अहवाल द्यावा.

सिग्नलच्या देखभालीत असे अर्ज येतच असतात, आणि बऱ्याचदा बटण खरंच मेलेलं निघतं. आत पाणी शिरलेलं असतं, नाहीतर फुटपाथ खोदताना कुणीतरी वायर तोडलेली असते. कधी उलटंही होतं. बटण आतच अडकून बसतं आणि कंट्रोलरला, म्हणजे चौकातल्या पेटीत बसून दिवे चालवणाऱ्या यंत्राला, वाटतं, कोणीतरी सारखं दाबतंय. मग रस्त्यावर चिटपाखरू नसतानाही हिरवा माणूस लागत राहतो. तेव्हा अर्ज येतो तो गाडीवाल्यांचा.

भर दुपारी गेलो, पेटी उघडली. सोबतच्या पोराला एकेका कोपऱ्यावर पाठवून बटण दाबायला लावलं आणि मी आत कार्डावरचे दिवे बघत बसलो. दाबलं की दिवा लुकलुकतोय, कंट्रोलर मागणी नोंदवून घेतोय. चारही कोपरे ठणठणीत. नोंद एकदा झाली की झाली. त्यानंतर दहा वेळा दाबा नाहीतर तळहाताने बडवा, कंट्रोलरच्या लेखी मागणी एकच.

पण अर्जदारही खोटं बोलत नव्हते. दिवसा हा चौक पुढच्या-मागच्या चौकांशी जोडलेला असतो. १२० सेकंदांची सायकल, म्हणजे सगळ्या दिशांच्या पाळ्यांचा एक फेरा, ठरलेली, गाड्यांचा घोळका एका चौकातून सुटला की पुढच्या चौकात त्याला हिरवा मिळावा असं गणित बसवलेलं. त्या गणितात पादचाऱ्यांची पाळी दर सायकलला आपोआप येते. कुणी दाबो न दाबो. म्हणजे दुपारी कुणी घड्याळ लावून बघितलं तर बटण शोभेचंच ठरतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं होतं की शहरातल्या ३,२५० बटणांपैकी अडीच हजारांहून जास्त बटणांचा सिग्नलवर काहीच परिणाम होत नाही. सिग्नल संगणकावर गेले तशी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बटणं निकामी करण्यात आली होती, आणि काढायचा खर्च नको म्हणून खांबांवर तशीच राहिली. ही बातमी जगभर फिरली आणि तेव्हापासून प्रत्येक शहरात कुणी ना कुणी शहाणा सांगत असतो की ही सगळी बटणं खोटीच असतात.

मात्र लोकांचा राग जास्त होतो तो दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. हिरवा माणूस बहुतेक चौकांत शेजारून त्याच दिशेने जाणाऱ्या गाड्यांच्या हिरव्याबरोबरच लागतो. जिथे बटण दाबावं लागतं, तिथे ते त्या गाड्या सुटायच्या आधी दाबलेलं असावं लागतं. तुम्ही दोन सेकंद उशिरा पोचलात, तर शेजारच्या गाड्या जाताना दिसतात, तुमचा लाल माणूस मात्र हलत नाही. पूर्ण एक सायकल थांबा. माणूस म्हणणारच, बटण बंद आहे. कारण साधं आहे. इथला रस्ता १८ मीटर रुंद. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तरी ओलांडायला १५ सेकंद, वर पाऊल उचलायला ७. हे २२ सेकंद उरलेल्या हिरव्यात बसतील याची खात्री नसेल, तर कंट्रोलर कुणाला रस्त्यात उतरवत नाही. (१.२ मीटर ही चालही तरुणांचीच. अमेरिकेने २००९ च्या नियमावलीत हिशेबाचा वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला, तो म्हाताऱ्यांचा विचार करूनच.)

एवढ्यावर अहवाल लिहून मोकळा झालो असतो. पण या चौकाचा रात्रीचा प्लॅन वेगळा आहे हे पेटीतल्या वेळापत्रकात दिसत होतं. ११ ते ६ या वेळात मुख्य रस्ता हिरवा धरून ठेवायचा, आडव्या रस्त्यावर गाडी आली किंवा कुणी बटण दाबलं तरच तोडायचा. अर्जात रात्रीचा उल्लेखच नव्हता. म्हणून पहाटे पुन्हा आलो.

अंधार होता, पण फिरायला जाणारे सुरू झाले होते. मी पेटीपाशी उभा. चौघे-पाच जण कोपऱ्यावर येऊन थांबले. गप्पा मारत उभे राहिले, बटणाला कुणी हात लावला नाही. आडव्या रस्त्यावर गाडी नव्हती, मागणी नव्हती, त्यामुळे त्यांचा हिरवा माणूस सकाळी सहापर्यंत लागणारच नव्हता. थोडा वेळ बघून ते लाल असतानाच पळत पलीकडे गेले. एक भरधाव टेम्पो त्यांच्या मागून हॉर्न दाबत निघून गेला. पाठोपाठ एक पळणारा तरुण आला. त्याला म्हटलं, बटण दाबा की. तो हसला. "ते शोभेचं आहे हो, आम्ही अर्जसुद्धा केलाय." आणि तोही लालमध्येच गेला.

दिवसा निरुपयोगी असलेल्या बटणाने माणसांना शिकवलं होतं की हात लावण्यात अर्थ नाही. आणि ज्या वेळी त्या बटणावाचून रस्ता मिळणारच नाही, त्याच वेळी ते शिकलेलं पक्कं लक्षात होतं. यात लोकांना दोष देणं मला जमत नाही. खांबावर कुठे लिहिलं होतं? दाबल्यावर मागणी पोचली असं सांगणारा साधा दिवाही त्या बटणांवर नव्हता.

मग टोकाच्या कोपऱ्यावरून पांढरी काठी टेकवत एक वयस्कर गृहस्थ आले. खांबातून सेकंदाला एकदा टिक असा आवाज येतो, त्याच्या रोखाने सरळ बटणापाशी. तळव्याने डबा चाचपला, बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. थोड्या वेळात मुख्य रस्ता थांबला, हिरवा माणूस लागला, टिकटिक जलद झाली आणि ते शांतपणे माझ्या बाजूला आले. त्या पहाटे हिरव्यावर रस्ता ओलांडलेला मी पाहिलेला हा पहिला माणूस.

"सिग्नलवाले का?" त्यांनी विचारलं. "पेटीचा पंखा मोठ्याने ऐकू येतोय, दार उघडं असणार."

"हो काका."

"बटणं काढणार म्हणे तुम्ही. माझ्याकडे सही मागायला आले होते, मी नाही दिली."

मी त्यांना दिवसाचा आणि रात्रीचा प्लॅन समजावायला लागलो. त्यांना तो आधीच पाठ होता. "दुपारी सिग्नल आपोआप येतो हे मला माहीत आहे. पण आला हे मला कसं कळणार? बटण धरून ठेवलं तरच तो जलद आवाज वाजतो. दुपारी मी बटण दाबतो ते सिग्नलसाठी नाही, आवाजासाठी."

ही सोय आमच्याच बटणांत होती आणि अर्ज, शेरा, पाहणी या सगळ्यात तिचं नाव कुठेही नव्हतं. एक सेकंदाहून जास्त दाबून धरलं की पुढच्या हिरव्याला आवाज जोडला जातो. ब्रिटनमध्ये हेच काम आवाजाशिवायही करतात. डब्याच्या खाली एक छोटा शंकू असतो, हिरवा लागला की तो फिरायला लागतो, बोटांना कळतं. ज्यांना ठाऊक नाही ते वर्षानुवर्षं त्याच डब्यावरचं बटण दाबतात आणि खाली हात घालत नाहीत.

"पण तक्रार माझीही आहे," काका म्हणाले. "त्या समोरच्या कोपऱ्यावरचा बाण खोटा बोलतो."

बटणावर एक उठावदार बाण असतो. ओलांडायची दिशा तो बोटाला सांगतो. आम्ही दोघं मिळून तिकडे गेलो. विजेच्या तपासणीत हे बटण उत्तम पास झालं होतं. वाकून बघितलं तर खांब कधीतरी बदलला गेला होता आणि नव्या खांबावर डबा बसवणाऱ्याने तो जिथे भोक सापडलं तिथे कसला होता. बाण पट्ट्यांकडे नाही, चौकाच्या मध्याकडे तोंड करून होता. त्याच्यावर विश्वास ठेवून निघालेला माणूस थेट वळणाऱ्या गाड्यांमध्ये पोचला असता. काका तिथे बाणाकडे दुर्लक्ष करून फुटपाथच्या कडेला काठी लावून दिशा धरत. नवख्याला ते सुचलं नसतं.

अर्जावर इतक्या सह्या, आणि त्या चौकातला खरा बिघाड हा एवढाच होता. सह्या करणाऱ्यांपैकी कुणाला तो दिसणं शक्यही नव्हतं. पट्टा सैल करून डबा त्याच पहाटे फिरवला, काकांनी बोट लावून "आता सरळ" म्हटल्यावर कसला.

अहवाल नेहमीपेक्षा लांबला. बटणं काढू नयेत, मागणी नोंदल्याचा दिवा प्रत्येक बटणावर बसवावा, आणि रात्रीच्या वेळा खांबावर लिहाव्यात, असं सुचवलं. साहेबांनी विचारलं, त्यापेक्षा रात्रीही पादचाऱ्यांची पाळी आपोआप का देत नाही? तेही करता येतं. पण रिकाम्या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी कुणी नसताना गाड्या थांबवल्या, की चालक तो लाल तोडायला शिकतात. मग ज्या दिवशी खरंच कुणी ओलांडत असतं, त्या दिवशीही तोडतात. हे त्यांना पटलं. वेळांची पाटी मात्र नामंजूर झाली. "रात्री दाबा असं लिहिलं तर दिवसा चालत नाही असं आपणच कबूल केल्यासारखं होईल." मला हे कारण आजही हास्यास्पद वाटतं.

दिवे मंजूर झाले. दोन कोपऱ्यांवर बसलेत, दोन यायचेत. दिवा असलेल्या कोपऱ्यांवर पहाटे लोक बटण दाबताना दिसतात, तो हसणारा तरुणसुद्धा. दरम्यान त्याच चौकातून नवा अर्ज आलाय. समोरच्या इमारतीतल्या लोकांना खांबाची टिकटिक रात्री झोपू देत नाही, तरी ती बंद करावी. बंद नाही करणार. डब्यात मायक्रोफोन असतो, आजूबाजूचा गोंगाट कमी झाला की टिकटिकीचा आवाजही कमी व्हायला हवा. तो होत नसेल तर मायक्रोफोन नाहीतर आवाजाचं सेटिंग बिघडलेलं असणार. उद्या रात्री तेच तपासायला जातोय.