नाडी खरी, हिशेब खोटा

मी आहारतज्ज्ञ आहे, पण हल्ली माझ्यासमोर माणसांपेक्षा आलेखच जास्त येतात. लोकांच्या मनगटावरच्या घड्याळातून पावलं, नाडी, झोप अशी माहिती आमच्या सिस्टीमकडे येते. त्यावरून ती दिवसभराच्या कॅलरी ठरवते आणि खाण्याचा आराखडा आपोआप बदलते. तो कुणाला झेपला नाही, की तक्रार माझ्याकडे.

त्या दिवशीची तक्रार एका ओळीची होती: ‘दुपारनंतर उभं राहवत नाही.’ लिहिणाऱ्या बाई अर्ध-मॅरेथॉनची तयारी करत होत्या. वजन घटवायचं नव्हतं, आहे तेच टिकवायचं होतं.

डॅशबोर्ड उघडला तर सगळं हिरवंगार. विश्रांतीच्या वेळची नाडी उतरली म्हणून सिस्टीमने ‘फिटनेस सुधारला’ असं अभिनंदनही करून टाकलं होतं, वर धावण्याचं अंतर वाढवायचा सल्ला. आहाराच्या पानावर मात्र कॅलरींना रोज थोडी थोडी कात्री लागत होती. आमची धोक्याची सूचना एकदम मोठा फरक पडला तरच येते. इथे ती आलीच नाही.

पहिला संशय घड्याळावर. ते हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून रक्ताचं कमीजास्त होणं टिपतं. पट्टा सैल असला तर धावताना कधीकधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजतं. पण तसं झालं की आकडा सहसा वर जातो; इथे तो खाली होता. मग वेग आणि नाडीचे आलेख शेजारी लावून पाहिले. अंतर तेच, वेग तोच, नाडी मात्र अचानक खाली. सरावाने नाडी उतरते ती घसरणीसारखी, हळूहळू. ही पायरीसारखी उतरली होती.

फोन लावला. “मॅडम, एवढ्यात काही नवीन औषध सुरू झालंय का?”

“नाही हो. डोकेदुखीच्या गोळ्या आहेत तेवढ्या. त्यांचा खाण्याशी काय संबंध?”

“पाकिटावरचं नाव वाचता का जरा?”

“प्रोप्रॅनोलॉल.”

हे बीटा ब्लॉकर. मायग्रेनचे झटके टाळण्यासाठीही देतात. हृदयाची गती ते विश्रांतीत कमी ठेवतं आणि व्यायामातही फार चढू देत नाही. धावायला लागणारी ऊर्जा मात्र त्यामुळे फारशी घटत नाही. आमची सिस्टीम नाडीवरून खर्च काढत होती. नाडी कमी म्हणजे मेहनत कमी, मग खाणं कमी. आणि तीच कमी नाडी दुसऱ्या खिडकीत फिटनेस वाढल्याचा पुरावा ठरत होती! एकाच आकड्यावरून एकीकडे ताट हलकं, दुसरीकडे धावणं जास्त.

आमच्या इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, “पण डेटा बरोबर आहे.” होताच. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. सातपैकी सहांची नाडीतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या खर्चात मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं, सर्वांत वाईट 93 टक्के. आमच्याकडे लोक नाडीवरचा विश्वास न विचारता कॅलरीवर नेऊन ठेवतात, त्याची मला जुनी चीड आहे.

बाईंना वजन करायला सांगितलं. बऱ्याच दिवसांत केलंच नव्हतं, आणि ते चांगलंच उतरलेलं निघालं. थकवा या औषधानेही येतो, त्यामुळे सगळं खापर आराखड्यावर फोडणं मला पटेना. डॉक्टरांशी बोला, पण गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका, हे त्यांना दोनदा बजावलं. घड्याळाच्या कॅलरी त्यांच्या आराखड्यातून तोडल्या. वय, उंची, वजन यांवरून मूळ गरज काढली, धावण्याच्या अंतराचा खर्च वेगळा धरला आणि यापुढे सुधारणा वजनाच्या साप्ताहिक सरासरीवरून करायची ठरवली. अंतर वाढवायचा सल्लाही रद्द केला.

आता फॉर्ममध्ये ‘काही आजार आहे का?’ याच्या जोडीला ‘सध्या कुठल्या गोळ्या घेता? साध्या वाटल्या तरी लिहा’ असा रकाना आहे. तो कुणी रिकामा सोडला तर सिस्टीमने नाडीवरून कॅलरी कापायच्याच नाहीत, असं माझं म्हणणं. इंजिनिअरच्या मते मग निम्मं वैयक्तिकीकरणच उडेल. उडू दे, असं मी बैठकीत म्हणाले आहे. निर्णय अजून व्हायचाय.