शिआन ते दुनहुआंग, भिंतीवरचे जोडे बघत

चीनमधल्या शिआनच्या शान्शी हिस्ट्री म्युझियममध्ये थांग काळातल्या (सातवं ते दहावं शतक) थडग्यांमधली भित्तिचित्रं एका वेगळ्या हॉलमध्ये ठेवली आहेत. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ते महाग आहे, त्यामुळे बाकी म्युझियममध्ये जेवढी झुंबड असते तेवढी इथे नसते. मला जुन्या पादत्राणांचं भारी वेड आहे, सगळे लोक चेहरे आणि केशरचना बघतात तेव्हा मी वाकून पाय बघत असते, आणि या ट्रिपचा निम्मा प्लॅन त्यासाठीच होता.

सगळ्यात जास्त वेळ मी राजकुमारी योंगथाइच्या थडग्यातल्या दासींसमोर उभी होते. ही वू झ-थिएन सम्राज्ञीची नात, ७०१ साली सतराव्या वर्षी गेली आणि ७०६ मध्ये तिला मानाने पुन्हा दफन केलं, तेव्हाची ही चित्रं. दासी ओळीने चालल्यात, कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या हातात काचेचा पेला, आणि लांब घागऱ्याखालून फक्त जोड्याचं टोक बाहेर आलंय. ते टोक आपल्या मोजडीसारखं बारीक होऊन मागे वळत नाही, ते चांगलं रुंद असतं आणि उभ्या फळीसारखं सरळ वर जातं. घागऱ्याची पुढची कड त्या टोकामागे अडकून राहते, म्हणजे चालताना कापड पायात येत नाही! जमिनीवर लोळणारा घेर घालून दिवसभर ताटं-पेले घेऊन फिरायचं असेल तर हे किती डोक्याने केलेलं काम आहे, मी तर बघतच राहिले. आणि चित्रकाराने ते अगदी मन लावून काढलंय, टोकाची जाडी, कापडाची घडी, सगळं.

त्यांच्यातच काही मुली पुरुषी पोशाखात दिसतात, कमरेला पट्टा, खाली विजार. त्या काळच्या इतर थडग्यांमध्येही अशा मुली आहेत, पट्ट्यापट्ट्यांची विजार आणि पायात दोऱ्याने विणलेले हलके, मऊ जोडे. चीन आणि बायकांचे पाय म्हटलं की आपल्याकडे लगेच ते बांधून चिमुकले केलेले पाय आठवतात, पण ती प्रथा साधारण दहाव्या शतकानंतर रुजली. या भिंतींवरच्या बायकांचे पाय अख्खे आहेत, त्या टाच टेकवून नीट उभ्या आहेत, आणि मला हे बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू.

राजपुत्र झांगहुआइच्या थडग्यातलं पोलोचं चित्र बघताना मात्र घोड्यांवरून नजर हटवून मुद्दाम खाली बघा, सगळे काळ्या बुटात. बूट मुळात घोडेस्वार भटक्या टोळ्यांचे, इ.स.पू. ३०७ मध्ये झाओ राज्याच्या वूलिंग राजाने आपल्या सैनिकांना त्या टोळ्यांसारखे कपडे घालायला लावले तेव्हापासून चिनी लोकांनी ते उचलले असं सांगतात, आणि थांग काळापर्यंत ते दरबारात पोचले होते. त्याच थडग्यात परदेशी दूतांचं चित्र आहे. तीन चिनी अधिकारी लांब झग्यात, पायात तेच उंच टोकाचे जोडे, आणि समोर लांबून आलेले पाहुणे बुटात. कोण घरचा आणि कोण रस्त्यावरून आलाय हे तोंड न बघता कळतं.

मग दुनहुआंग. प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, गान्सू प्रांताचं वाळवंट लांबच लांब आहे एवढंच. इथल्या मोगाओ या बौद्ध लेण्यांची सुरुवात ३६६ साली एका भिक्षूने केली असं मानतात, आणि आज ४९२ लेण्यांमध्ये चित्रं किंवा मूर्ती आहेत. इथे गेल्यावर पायांची गोष्टच बदलते. बुद्ध, बोधिसत्त्व, नाचणाऱ्या अप्सरा सगळे अनवाणी, हे आपल्याकडून गेलेलं, अजिंठ्यात वाढलेल्या डोळ्यांना लगेच ओळखीचं वाटतं. आणि खाली, भिंतीच्या पायथ्याशी, ज्यांनी पैसे देऊन लेणं कोरून घेतलं ती माणसं रांगेत उभी, ती आपापल्या जोड्यांत आणि बुटांत. देवांना भारताची रीत आणि माणसांना स्वतःच्या गावची, एकाच भिंतीवर.

२२० नंबरच्या लेण्यात हे सगळ्यात छान दिसतं, ६४२ सालचं आहे ते. दाराजवळ विमलकीर्तीच्या (बौद्ध ग्रंथातला एक ज्ञानी गृहस्थ) कथेत एक चिनी सम्राट हात पसरून लवाजम्यासकट चाललाय, झग्याखाली जोड्याची वर वळलेली टोकं. आणि बाजूच्या भिंतीवर दिव्यांच्या उजेडात छोट्या गोल गालिच्यांवर गिरक्या घेणाऱ्या नर्तकी, अनवाणी. गाईडने टॉर्च खाली धरला तेव्हा गालिच्यावर टेकलेली बोटं दिसली, मी चार पावलं मागे-पुढे करत तेवढंच बघत होते.

१७ नंबरचं लेणं म्हणजे ती छोटी खोली जिथे १९०० साली हजारो हस्तलिखितं सापडली. लोक तेवढंच ऐकून पुढे जातात. आत हुंगबियन नावाच्या भिक्षूची मूर्ती आहे, आणि तो बसलाय त्या ओट्याच्या बाजूवर त्याच्या जोड्यांची जोडी रंगवलीये, टोकं वळलेली. दारातून ती दिसत नाही, गाईडने फोटो दाखवला. म्हणजे महाराज जोडे काढून ध्यानाला बसलेत!

आणि चित्रकारांनी हे मनाने काढलं नव्हतं. शिनज्यांगमध्ये अस्ताना इथल्या थडग्यात रेशमी किनखापाचे खरे जोडे सापडलेत, आठव्या शतकातले, लांबी २९.७ सेंमी, पुढचं टोक तसंच ढगासारखं गुंडाळलेलं, वाळवंटाच्या कोरड्या हवेने रंगसुद्धा टिकलेत.

जाणार असाल तर: मोगाओचं तिकीट सीझनमध्ये आधीच बुक करा, उशीर झाला तर कमी लेण्यांचं तिकीट मिळतं. २२० नंबरचं लेणं स्पेशल लेण्यांपैकी आहे, त्याचे वेगळे पैसे. आत फोटो काढू देत नाहीत. आणि गाईडला सुरुवातीलाच सांगून ठेवा की पाय बघायचेत, नाहीतर टॉर्च सारखा वरच जातो.