गाडी गेल्यावर

डोंबिवलीत आमचं घर रुळांना लागून. गेली पस्तीस वर्षं संध्याकाळी मी क्लॅरिनेट घेऊन बसतो आणि दर दोन-चार मिनिटांनी थांबतो. लोकल गेली की पुन्हा फुंकायचं. बायको म्हणते, रेल्वेचे उपकार, शेजाऱ्यांना तेवढाच विसावा.

गंमत अशी, की ज्या रेकॉर्डींबरोबर मी वाजवतो त्याही अशाच थांबतथांबत झाल्यात. एप्रिल 1923, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं रिचमंड गाव, जेनेट कंपनीचा स्टुडिओ. शेजारून रूळ, गाडी आली की काम बंद. शिकागोहून आलेला किंग ऑलिव्हरचा जॅझ बँड आवाज टिपणाऱ्या एका भोंग्यासमोर दाटीवाटीनं उभा, कारण मायक्रोफोन नव्हताच. एकवीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ, एवढा दणदणीत, की त्याला लांब मागे उभं केलं होतं. हे पियानोवाल्या लिल हार्डिननं सांगून ठेवलंय. पुढच्याच वर्षी तिनं त्याच्याशी लग्न केलं!

माझा जीव मात्र क्लॅरिनेटवाल्या जॉनी डॉड्सवर. न्यू ऑर्लिन्सच्या त्या जुन्या जॅझमध्ये चाल कॉर्नेटकडे, तळाला ट्रॉम्बोन, आणि क्लॅरिनेटनं फट दिसेल तिथून घुसायचं. आपल्याकडे संगतकार गवयाच्या मागून जातो. इथे तिघंही एकदम बोलतात, गणपतीत आमच्या पंगतीत बोलतात तसे. तरी मीठ हवं त्याच्या पानात पोचतं.

ही खोड वडिलांच्या रेडिओची. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँतोनियो वाझ, ट्रंपेट वाजवायचे. मला ट्रंपेट परवडलं नाही. लग्नाच्या बँडातल्या एका काकांनी जुनी क्लॅरिनेट स्वस्तात दिली, ओठ कसे धरायचे तेही दाखवलं.

जुन्या रेकॉर्डींचा सूर आजच्या पट्टीत बसतोच असं नाही. रेकॉर्ड उतरलेली असेल तर बॅरल, म्हणजे तोंडाजवळचा छोटा जोड, थोडा ओढून वाद्य खाली आणता येतं. चढलेली असेल तर आपण तरी काय करणार!

एके ठिकाणी बाकीचा बँड नुसते ठोके देतो आणि डॉड्स एकटा वाजवतो. तिथे मी कायम अडखळतो. काल सगळं स्वच्छ आलं, पहिल्यांदाच. मी आत डोकावून विचारलं, "ऐकलंस?"

"काय?" ती म्हणाली. "आत्ता मेल गेली ना."