तुम्ही विचारलंत म्हणून : नोकऱ्या किती लागल्या?

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं लग्न असो, गणपतीचा मांडव असो, की देणगी मागायला कुणाकडे गेलेले असो, प्रश्न ठरलेला. "छान काम करताय हो. पण नोकऱ्या किती जणांना लागल्या?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं नसतं. नदीकाठच्या वस्तीत शनिवार-रविवार मी पोरांना कम्प्युटर शिकवते आणि मोबाइलवर शूटिंग, आवाज, एडिटिंग शिकवते, हे त्यांना ठाऊक असतं. त्याचं पुढे काय होतं, तेवढं हवं असतं.

तर घ्या. दोघं डीटीपीच्या दुकानात आहेत. एक जण लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे एडिटिंग करतो, तेही लग्नसराईपुरतं. एक मुलगी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते आणि बरे पैसे मिळवते. समाधान झालं नसणार, कारण पुढचा प्रश्न पगाराचा असतो.

गंमत म्हणजे हीच मंडळी त्याच संध्याकाळी सयाजीरावांवर भरभरून बोलतात. १८९० चं कलाभवन, म्हणजे त्यांनी काढलेली तंत्रशिक्षणाची शाळा, १९०६ पासून राज्यभर सक्तीचं मोफत शिक्षण. अभिमान मलाही आहे. पण कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके घ्या. त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, प्लेगात बायको आणि मूल गमावलं, बडोद्याला परत आले, तर इथेही धंदा चालेना. कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी वदंता होती म्हणतात. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. मधल्या वर्षांत कुणी कलाभवनाला या विद्यार्थ्याचा पगार विचारला असता तर?

हे मी इतक्या वेळा ऐकवलंय की आता माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही. फाळके एकच झाले. आणि माझ्या पोरांच्या घरी भाडं पाच तारखेला द्यावं लागतं.

तरी सांगते, या पोरांकडे कुणी बघत नव्हतं. २०१७ साली केंद्राची डिजिटल साक्षरतेची मोठी योजना आली. सहा कोटी घरांतल्या एकेका माणसाला वीस तासांचं शिक्षण द्यायचं होतं, पण ती खेड्यांसाठी. शहरातली झोपडपट्टी त्यात बसत नव्हती. आमची पोरं शिकली टिकटॉकवर, आणि २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली. कट कुठे मारायचा हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. मी शिकवते ते बाकीचं. आवाज वेगळा का घ्यायचा, शूट करण्याआधी कुणाला विचारायचं, मूळ फाइल का पुसायची नाही, आणि मागे जागा ओळखू आली पाहिजे, नाहीतर त्याचा पुरावा होत नाही.

आता ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. बडोदेकरांना मी पूर सांगायला नको. मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मगर काढली नाही. वडील रिक्षा चालवतात, ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. पाणी ओसरल्यावर ती आपल्या ओळीतल्या घराघरांत गेली, भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेला शिवणाची टेप लावली आणि आकडा वाचून दाखवला. शेजारच्या काकींनी भिजलेले गहू दाखवले, लेकीची दहावीची मार्कशीट दाखवली, केशडोलचा, म्हणजे पुरानंतरच्या सरकारी रोख मदतीचा, सर्व्हे करणारे या गल्लीत आलेच नाहीत म्हणून सांगितलं. आवाज स्वच्छ, हात स्थिर, प्रत्येकाची परवानगी घेतलेली. व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवरून बाहेर गेला. एका चॅनेलने तो उचलला, तिचं नाव गाळून. मी तो भेटेल त्याला दाखवत होते.

मग शहरात बोलणं सुरू झालं की नदीकाठच्या दबाणांमुळे, म्हणजे अतिक्रमणांमुळे, पाण्याला वाट उरलेली नाही. आणि एका शनिवारी काकी वर्गात आल्या. भांडायला आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, त्या व्हिडिओत आमच्या मोरीमागं नदी दिसते. उद्या दबाणवाले म्हणतील, तुम्हीच तर दाखवलंत घर कुठं आहे ते."

मुलगी तिथेच बसलेली. तिने फोन काढून तो भाग पुन्हा लावला. दिसत होती नदी. ती चौकट तिने मुद्दाम घेतली होती, जागा ओळखू यावी म्हणून.

मी समजवायला लागले. म्हटलं, काकी, कॉर्पोरेशनकडे नकाशे असतात, उपग्रहाची चित्रं असतात, तुमचं घर त्यांना या व्हिडिओवरून शोधायला लागत नाही. माझं म्हणणं खरंच होतं. काकी म्हणाल्या, "नकाशात माझं तोंड नाही ना."

मुलीने मला न विचारता व्हिडिओ काढून टाकला. चॅनेलवरचा राहिलाच, तिच्या मेसेजला उत्तर आलं नाही. पुढे सर्व्हेवाले गल्लीत आले. व्हिडिओमुळे आले असं निम्मी गल्ली म्हणते, उरलेली म्हणते येणारच होते. मुलगी वर्गाला येते, पण फक्त एक्सेलच्या तासाला.

संस्थेच्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, 'कॅमेऱ्यामुळे वस्तीला आवाज मिळेल.' ते लिहिणाऱ्या बाईशी मी हल्ली मनातल्या मनात भांडते. आवाज मिळाला की पत्ताही मिळतो, हे तिच्या गावी नव्हतं. पण तीही गप्प बसत नाही. म्हणते, सोसायट्यांमधल्या लोकांनी बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ बिनधास्त टाकले, विम्याच्या क्लेमला जोडले. त्यांच्या कंपाउंडमागची नदी कुणाला खुपली? मग भ्यायचं फक्त वस्तीने? आणि तू काय, नुसतं एक्सेल शिकवणार? याचं उत्तर मला देता येत नाही. देता येतं असं वाटतं त्या दिवशी काकी भाजीच्या गाडीपाशी भेटतात.

आता आणखी एका वस्तीत वर्ग काढा म्हणून विचारणा आली आहे. तिथे कॅमेरा शिकवायचा की नाही, मी ठरवलेलं नाही. अर्जात एक रकाना आहे, 'रोजगार मिळालेल्यांची संख्या'. त्या मुलीला जूनमध्ये एका ऑफिसात डेटा एंट्रीचं काम लागलं. तुम्हाला हवा असलेल्या आकड्यात मी तिला धरलं आहे.