बोटीच्या तारखा

'दोन रात्री चिचिजिमा.' आधीच्या एजंटने दिलेल्या कागदावर एवढंच होतं. तो कागद घेऊन साताऱ्याचे एक निवृत्त भूगोल शिक्षक आणि काकू त्या सकाळी पुण्यात माझ्यासमोर बसले होते. जपानच्या सहली आखणं हे माझं काम. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

चिचिजिमा हे बेट कारभाराने टोकियोत मोडतं. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरही टोकियोतल्या शिनागावाचं नाव असतं. पण ते आहे हजार किलोमीटर दक्षिणेला, आणि बेटावर विमानतळ नाही. टोकियोहून ये-जा करायला ओगासावारा-मारू ही बोट. ताकेशिबा धक्क्यावरून सकाळी ११ वाजता सुटते ती दुसऱ्या दिवशी ११ ला पोचते. एरवी तीन रात्री बेटावरच थांबून दुपारी ३ ला परत निघते. जाऊन-येऊन सहा दिवस. मधेच परतायचं म्हटलं तर बोटच नाही.

मी कॅलेंडर पुढे ओढलं. हे दोघं ज्या सकाळी टोकियोत उतरणार, त्याच सकाळी बोट सुटत होती. पुढची सहा दिवसांनी, आणि ती परत येईपर्यंत यांचं पुण्याकडचं विमान दोन दिवस आधीच उडून गेलेलं.

सर गप्प झाले. मग वही उघडून मला दाखवली. पेन्सिलीने काढलेला नकाशा, चिचिजिमा म्हणजे बापाचं बेट, हाहाजिमा आईचं, शेजारी थोरल्या-धाकट्या भावांची बेटं. खाली लिहिलं होतं : '२७ अंश उत्तर. आपल्या जैसलमेरच्या रेषेत.' मार्चमध्ये तिथे कुबड्या देवमासे पिल्लांसह दिसतात, ते त्यांना पाहायचे होते. चाळीस वर्षं मुलांना महासागर शिकवले, असा देवमासा एकदाही पाहिला नाही, म्हणाले.

"क्योतो काढून टाका," काकू म्हणाल्या. क्योतो ही त्यांचीच हौस होती.

पण माझा एक प्रश्न राहिला होता, आणि तो विचारल्याशिवाय मी कुणालाही या बेटावर पाठवत नाही. तब्येत? दोन वर्षांपूर्वी सरांची अँजिओप्लास्टी झालेली. कागदावर त्याचा उल्लेख नव्हता. मी स्पष्ट सांगितलं : बेटावर छोटा दवाखाना आहे. गंभीर रुग्णाला लष्कराच्या विमानाने टोकियोला नेतात, त्यात कित्येक तास जातात. ग्राहक गेला तरी चालेल, पण ही गोष्ट लपवून सहल विकायची नाही, असं मला मनापासून वाटतं.

सरांनी माझ्यासमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. डॉक्टरांनी आधी तपासणीला बोलावलं, आणि रिपोर्ट नीट आले तरच परवानगी देईन म्हणाले.

मग नवी आखणी केली. बोटीच्या दोन दिवस आधी टोकियो. बोटीत खाली अंथरलेल्या गाद्यांची सामायिक खोली नको, स्वतंत्र केबिन. समुद्र खवळून बोट उशिरा आली तर म्हणून परतल्यावर एक रात्र मोकळी. औषधं चार दिवसांची जास्तीची, पण एकूण महिन्याच्या आत, कारण त्यापुढे जपानला परवानगी काढावी लागते. व्हिसाचा अर्ज अजून भरलेला नव्हता हे नशीब. त्यात प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम द्यावा लागतो.

निघण्याआधी मी त्यांना एक व्हिडिओ दाखवला. बोट परत निघते तेव्हा बेटावरच्या लहान होड्या बराच वेळ तिच्या बाजूने धावतात, शेवटी त्यांतली माणसं समुद्रात उड्या घेतात आणि ओरडतात, "इत्तेराशाय!"

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"जाऊन या."

काकूंनी तो पुन्हा लावायला सांगितला. सर वहीत नव्या तारखा उतरवत होते, पेन्सिलीनेच. रिपोर्ट आल्यावर शाईने लिहीन, म्हणाले.